केशरी मासा तुमचाच आहे

बाळांनो,

परवाच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, खरं सांग, तू आमचा मासा बदललास ना?" मी "नेट अडकतंय रे" म्हणाले आणि फोन आजोबांच्या हातात दिला. नेट चांगलं चाललं होतं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून आज टेबल पुसून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी अर्ज लिहिल्यासारखी लिहिते, आणि मला आज कबुली द्यायची आहे. अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या.

सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा जळगावच्या दुकानातून आपण दोन गोल्डफिश घेतले, एक केशरी, एक पांढरा. धुळ्याला येताना एसटीत मोठीने ती पाण्याची पिशवी दोन्ही हातांत धरली होती. पारोळ्याला बस थांबली तरी तिने रसवंतीकडे पाहिलं नाही. धाकटा दर दहा मिनिटांनी विचारत होता, "श्वास घेतायत का?"

दुकानदाराने टँकसोबत गाळणीही दिली होती, पण तिच्यात नवा स्पंज न घालता स्वतःच्या टाकीतला जुना, तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढून घातला. "हाऊ राहू द्या, अक्का," आपल्या अहिराणीत म्हणाला. मला वाटलं, जुना माल खपवतोय. तुम्ही इथे होतात तोवर मी त्याला हात लावला नाही. तुम्ही विमानात बसलात आणि माझे हात शिवशिवायला लागले.

आपल्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. चार-पाच दिवसांनी येतं. पाणी आलं की शिळं पाणी झाडांना ओतायचं, हंडे घासायचे, ताजं भरायचं, ही मला अमळनेरला माहेरी लागलेली सवय. ज्या घरात पाणी आल्यावरही जुनं पाणी तसंच राहतं, त्या घरची बाई आळशी, असं माझी आई म्हणायची. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा नळ आला त्या सकाळी हंडे झाले, पिंप झालं, बादल्या झाल्या, आणि मी टँककडे पाहिलं. तळाशी घाण, काचेवर हिरवट थर. तुमच्या माशांना मी शिळ्या पाण्यात ठेवलं होतं!

मी त्यांना पातेल्यात काढलं. टँकमधलं सगळं पाणी कढीपत्त्याला घातलं. गोटे चोळून धुतले. तो स्पंज नळाखाली पिळून पिळून जवळजवळ पांढरा केला. नळाच्या पाण्याला त्या दिवशी औषधाचा उग्र वास होता, तोही मला स्वच्छतेचाच वाटला. टँक असा चकाकला की मी आजोबांना मुद्दाम बोलावून दाखवला.

चौथ्या दिवशी सकाळी पांढरा पाण्यावर आडवा पडला होता. केशरी वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता.

मी रडले. आजोबा म्हणाले, "तू घर इतकं स्वच्छ केलंस, की राहणाऱ्याला राहवेना." एरवी मी उलट बोलले असते. पांढऱ्याला आम्ही कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि पहिली बस धरून जळगाव गाठलं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"स्पंज बी धुई टाका का?"

"पांढरा होईपर्यंत," आजोबांनी चुगली केली.

"आन बठ्ठं पानी फेकी दिधं? अक्का, मंग मासा कशा जगतीन? त्यास्ले शिळंच पानी लागस!"

मग त्याने समजावून सांगितलं. माशांची घाण पचवणारे जंतू त्या बुळबुळीत थरात राहतात. मी ते औषधाच्या पाण्याने धुऊन टाकले होते. त्यामुळे घाण पाण्यातच साचली आणि तिने माशांची कातडी भाजली. मी कॉलेजात शास्त्र शिकलेली बाई, मान खाली घालून ऐकत होते. त्याने पुन्हा एक मळका स्पंज दिला. आता पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवून मुरवायचं आणि टँकमधलं पाव हिस्सा पाणीच बदलायचं, असं बजावलं.

निघताना आजोबांनी काचेकडे बोट दाखवलं. "तो एक पांढरा द्या."

"कशाला?" मी विचारलं.

"रविवार आहे परवा."

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी पिशवी धरली. येताना बसमध्ये ती माझ्या मांडीवर होती, आणि मीही पारोळ्याला खाली उतरले नाही.

त्या रविवारी तुम्ही दोघं ओरडलात, "पांढरा बघ, कसा धावत आला! आम्हाला ओळखतो!" मी हसले. खोटं बोलायला मला एक शब्दही लागला नाही.

केशरी मात्र सावरत होता. दोन आठवड्यांनी त्याच्या पाठीवर शाई सांडल्यासारखा काळा डाग उठला. मग कल्ल्यामागे एक, मग शेपटीच्या कडेला काळी किनार. रोज सकाळी चष्मा लावून मी डाग मोजायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. सात झाले तेव्हा धीर सुटला. मी दुकानदाराला फोटो पाठवला आणि फोन केला. "हा पण जाणार का, भाऊ?"

तो हसला. "हाऊ रोग नई शे, अक्का. भाजेल जागा बरी होई ऱ्हायनी, म्हनीसन काळी पडनी. जखम भरी ऱ्हायनी त्यानी."

जिथे जिथे माझ्या पाण्याने भाजलं होतं, तिथे तिथे तो बरा होताना काळा झाला होता. मी फोन ठेवला आणि टँकपाशी खुर्ची घेऊन बसले. पोळ्यांची कणीक तशीच राहिली.

आणि नेमका तोच मासा परवा तुम्ही नाकारलात. "हा काळा आमचा नाही, पांढरा आमचा." मोठीने तर मला समजावलं, "आजी, तो मेला असेल तर सांग, आम्ही लहान नाही आता." पांढरा तुमचा नाही, बाळांनो. तो मी आणलेला आहे. बिचारा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. पण तुमच्यासोबत एसटीतून आलेला आणि माझ्या हातून भाजूनही टिकलेला, तो हा केशरीच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तो मी एकदा मोडला आहे. धाकट्याने सुट्टीत काढलेलं माशांचं चित्र टँकमागे भिंतीवर अजून चिकटवलेलं आहे. त्यात केशरीच्या शेपटीला वरच्या बाजूला त्रिकोणी खाच आहे. मोठी तेव्हा म्हणाली होती, "चुकलंस, अशी नसते," आणि त्याने तिला टँकपाशी ओढत नेऊन दाखवली होती. रविवारी मी फोन काचेला लावून धरीन, तुम्ही चित्राशी ताडून पाहा. पांढऱ्याबद्दल रागवायचं असेल तर रागवा. मी नेट अडकलं म्हणणार नाही.

आज सकाळी सात डागांपैकी तीन उरले आहेत. पाठीवरचा अजून गडद आहे. शेपटीची खाच तशीच आहे. नळ आला होता, मी हंडे भरले आणि टँकला हात लावला नाही. केशरी मासा त्याच्या शिळ्या पाण्यात आहे आणि दोन्ही वेळा खातो.

तुमची,
आजी