आठव्या संध्याकाळच्या मेणबत्त्या

वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सला सगळे ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा. हिवाळा आला की ताईच्या कपाळाला आठी पडायची, कारण थंडीत जो तो काहीतरी पेटवायला बघतो. नाताळआजींना झाडाजवळ मेणबत्त्या हव्यात. समोरच्या खोलीतले इराणी काका, सण म्हणून, वर्षातली सगळ्यात लांब रात्र दिवा लावून जागणार आणि डाळिंबं सोलून दुसऱ्यांनाही जागवणार. शेवटच्या खोलीतले घड्याळजी हनुक्का, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण, पाळणारे. आठ संध्याकाळी, रोज एक ज्योत जास्त.

"सण तुमचे आणि जीव माझा टांगणीला!" ताई म्हणायची. तरी कुणाचा सण तिने कधी बुडू दिला नाही.

यंदा घड्याळजींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, आणि ऑक्सिजनजवळ ज्योत म्हणजे भडकाच. सात संध्याकाळी त्यांनी तोंड वाकडं करून बॅटरीच्या मेणबत्त्यांवर भागवलं. आठव्या दिवशी म्हणाले, "ताई, पुढच्या हिवाळ्यात मी काही असत नाही. एकदा खरी ज्योत लावू दे."

ताईला नाही म्हणवेना. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ नळी काढली तर चालेल, पण ज्योत त्यांच्या खोलीत नको. आणि ऑक्सिजन कपड्यांत मुरतो, म्हणून आधी नळी काढायची, कपडे बदलायचे, थोडं थांबायचं. मगच जेवणघरात काडी ओढायची. म्हणजे म्हातारबुवांनी तेवढा वेळ आपल्याच दमावर काढायचा.

संध्याकाळी ती त्यांच्या नळीला हात लावणार, तोच दारात उजेड हलला. नाताळआजी! हातातल्या ताटात सगळ्या मेणबत्त्या पेटलेल्या. घड्याळजींना ताटकळावं लागू नये म्हणून बाईंनी स्वयंपाकघरातच लावून आणल्या होत्या.

"मागे व्हा!" ताई किंचाळली आणि दार त्यांच्या तोंडावर लोटलं. बाहेर आजी रडायला लागल्या. "अहो, मी मदतच करत होते ना!"

"विझवा आधी!"

"विझवा, विझवा," घड्याळजीही आतून म्हणाले. "एकीकडे लावून दुसरीकडे नेलेली आमच्यात चालतच नाही. जिथे ठेवायची तिथेच लावायची."

मग सगळं रीतसर झालं. नळी निघाली, स्वेटर बदलला, खुर्ची जेवणघराच्या खिडकीशी आली. थांबता थांबता घड्याळजींचे ओठ काळसर पडायला लागले. ताईचं लक्ष त्यांच्या छातीवर. शेवटी तिने होकाराची मान हलवली. त्यांनी आठही ज्योती लावल्या, पुटपुटत, धापा टाकत. चेहरा असा उजळला की आजी पुन्हा रडल्या.

"आता चला," ताई म्हणाली.

"अर्धा तास तरी जळायला हव्यात. मध्येच विझल्या तर?"

"आम्ही बसतो राखण करत. तुम्ही श्वास घ्या," आजी काकांना शेजारी बसवत म्हणाल्या.

खोलीत नळी लावून, यंत्र सुरू करून ताई दारातच उभी राहिली, कारण जेवणघराच्या खिडकीतून वारा येत होता आणि तिला दोन्हीकडे बघायचं होतं. आतून आवाज यायचा, "जळतायत का?" ती जेवणघराकडे ओरडायची. आजी आणि काका ओरडायचे, "जळतायत!"

मध्येच एक ज्योत आडवी झाली. काका तळहाताचा आडोसा करायला धावले, तशी ताईही धावली. ज्योत सावरली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून आतून विचारणा झालेली नाही.

तेवढा व्हरांडा तिला संपता संपेना. घड्याळजी डोळे मिटून पडले होते. तिने खांदा हलवला.

"काय गं?" ते वैतागून म्हणाले. "ओरडून ओरडून दम लागला. जळतायत ना?"

"जळतायत," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडली.

"पुरवून रड," घड्याळजी म्हणाले. "अजून नाताळ यायचाय."