टॉवेलाखालचं कापड

हिंदमात्याजवळच्या एका कापडदुकानदाराने मला सरस लावून ताठ केलेलं कापड कांजीचं म्हणून विकलं. नमुना एका ठाणातला चाखवला आणि तुकडा दुसऱ्या ठाणातला कापला. हे त्याने चुकून केलं नाही. त्याने केलं आणि निस्तरलं मी.

लालबागच्या आमच्या चाळीत मी मशीनवर भरतकाम करत असे. मशीन माझं मी घेतलं होतं, मंगळसूत्रातल्या वाट्या मोडून. शिकलेही माझी मीच. लग्नसराईत माझ्याकडे जोडीचे टर्किश टॉवेल यायचे. नवऱ्यामुलाचे पाय धुतले की सासऱ्याने ते ज्या टॉवेलाने पुसायचे, तो. तो कोरा लागतो. आधी पाण्यातून काढलेला चालत नाही, अशुभ मानतात. म्हणजे माझ्या कामाला पहिलं पाणी लागणार ते थेट मांडवात, दोन्ही घरच्या माणसांसमोर.

टर्किश टॉवेलवर भरणं सोपं नाही. त्याच्या अंगावर दोऱ्याचे बारीक फासे असतात, त्यांत टाका बुडतो. म्हणून वरून बटर पेपर ठेवायचा, भरून झाला की फाडून काढायचा. आणि खालून टणक कापड लावायचं, नाहीतर रिंगमध्ये टॉवेल ओढला जातो आणि अक्षर चुरगळतं. खाली काय लावायचं, यात सगळी अक्कल आहे. काहीजणी वर्तमानपत्र लावायच्या. त्याची शाई टॉवेलात उतरते. कॉलरीत घालतात ते बक्रम धुतल्यावरही अंगाला टोचतं. मी कांजी दिलेलं मलमल लावत असे. काम होईपर्यंत पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं, आणि पाणी लागलं की मऊ.

शेजारच्या खोलीतल्या बाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती मालवणकडची, माझी रोजची बसाउठायची. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज काही ना काही चाललेलं, कधी मोर्चा, कधी हरताळ, म्हणून त्यांनी मुहूर्त अलीकडे ओढला. टॉवेल माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "वयनी, व्याही मोठ्या घरातले आसत. माझी लाज तुझ्या हातात."

मी त्याच दिवशी हिंदमात्याला गेले. दुकानदार आपल्यातलाच, गल्ल्याशेजारी चळवळीचं निशाण लावलेलं. मला तो ओळखत होता. बॉबिना घेताना मी किती छळते, हेही त्याला माहीत होतं. बॉबीन मी कधी डोळ्यांनी घेत नाही. काउंटरच्या काचेवर घरंगळवून बघते. जी लडखडते ती बाजूला, कारण ती मशीनमध्ये गेली की खालचा दोरा झटके खातो आणि टॉवेलाच्या पाठीवर गुंता होतो.

"बाई, बॉबिना निवडताय की जावई?" तो म्हणाला.

"जावई वाकडा निघाला तर पोरगी सांभाळून घेते. बॉबीन वाकडी निघाली तर मशीन घेत नाही."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मग मी मलमल मागितलं. भाव मी पाडला, तो कुरकुरत उतरला. मी ठाणाचं टोक जिभेला लावलं. कांजी पेजेसारखी लागते, जराशी आंबट. सरस जिभेला चिकटतो.

"हे कापड खायचं दुकान नाही हो."

"तुमच्या मालाची खात्री नसते, म्हणून चाखते."

चव कांजीचीच होती. "ह्यातलंच द्या," मी म्हटलं. तेवढ्यात रस्त्यावर घोषणा ऐकू आल्या. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि माझ्यासमोर आणखी एक डबा ओतला. "नव्या बॉबिना आल्यात, बघा, तुमच्यासाठीच राखून ठेवल्या होत्या." मी बघत बसले. तो ठाण घेऊन आत गेला आणि घडी सुतळीने बांधून घेऊन आला. वर म्हणाला, "उद्या बंद आहे, सांभाळून जा. आपल्या माणसाला आपण नाही बघायचं तर कोणी?"

घरी येऊन मी नवऱ्यामुलाच्या नावाचं अक्षर भरलं, भोवती आंब्याची पानं. काम इतकं उठून आलं की शेजारीण टॉवेल घेऊन सगळ्या मजल्यावर फिरली. एकदा चाखून घेतलेलं कापड घरी येऊन पुन्हा चाखावं, असं मला वाटलं नाही. कोणालाच वाटलं नसतं.

मांडवात पाय धुवायला कोमट पाणी आणलं. मुलीच्या बापाने पाय पुसायला घेतले आणि वास सुटला. सुताराकडे सरस उकळताना येतो, तोच. नवऱ्यामुलाच्या टाचेला टॉवेलाचा पुंजका चिकटला, निघेना. पांढऱ्या टॉवेलावर पिवळा ओघळ आला. मुलाच्या आत्याने पदर नाकाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टॉवेल नवा आहे ना, की कोणाचा वापरलेला दिलात?"

पुढचे विधी झाले. लग्न मोडलं नाही, पण मुलगी पहिल्या दिवसापासून त्या घरात वापरलेल्या टॉवेलाची सून झाली. हे मी मनाचं सांगत नाही, ती माहेरपणाला आली तेव्हा रडत हेच सांगत होती. शेजारीण तो टॉवेल घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, चार पैशांसाठी माझ्या चेडवाच्या नशिबाक ह्यो वास लावलंस?" मी टॉवेल उलटा करून कापड दाखवलं, दुकान सांगितलं, चाखल्याचं सांगितलं. तिने टॉवेल माझ्याकडेच टाकला आणि आपल्या खोलीचं दार लावलं.

हरताळ संपून दुकान उघडलं त्या दिवशी मी टॉवेल घेऊन गेले आणि त्याच्या नाकाखाली धरला. तो गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "ह्यांनीच जिभेला लावून पसंत केलं. आता ह्यांच्या जिभेची जबाबदारी पण माझी का?" सगळे हसले. मी म्हटलं, दोन्ही ठाणं बाहेर काढा, इथेच पाण्यात घालू. तर म्हणाला, "भाव पाडून घेतलं की असंच मिळतं, बाई."

म्हणजे त्याने कबूल केलं. तिथे उभ्या असलेल्या कोणालाच ते ऐकू आलं नाही? भाव पाडणं म्हणजे चोरीची परवानगी देणं नव्हे. परवडत नव्हतं तर विकायचं नाही. मी दुकानातून तशीच निघून गेले असते.

त्यानंतर चाळीतून माझ्याकडे लग्नाचा टॉवेल आला नाही. परकर आले, उशांचे अभ्रे आले, बाळंतविडे आले. लग्नाच्या कामाला माझा हात लागू द्यायला कोणी तयार होईना. मी दुसऱ्या वाडीत जाऊन नाव कमावलं, मशीनवर मशीन घेतलं, कोणाच्या दारात उभी राहिले नाही. पण शेजारीण गेली ती माझ्याशी न बोलताच गेली.

तो दुकानदार अजून आहे. दुकान मुलगा चालवतो, म्हातारा बाहेर खुर्ची टाकून बसतो. चळवळीतला माणूस म्हणून मध्ये कोणी त्याला शाल-श्रीफळ दिलं. ती शाल पांघरून तो येणाऱ्या-जाणाऱ्याचे नमस्कार घेतो. घ्यावेत. पण ती मुलगी वरळीला राहते, तिला नातवंडं आहेत, आणि तिची आई वाईट वागली नव्हती, मीही वागले नव्हते, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी सांगितलेलं ती मानत नाही. त्याने जावं. मुलाचा हात धरून जावं, टॅक्सी करून जावं, कसंही जावं. तिच्यासमोर उभं राहून सांगावं की ठाण त्याने बदललं. आणि का बदललं, तेही सांगावं. ते मलाही ऐकायचं आहे.