डेल्मर यॉस्टची डावीकडे मारणारी रायफल

डेल्मर यॉस्ट हा काही खोटारडा माणूस नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसंच वाटणार आहे. उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात सव्वीस वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या दारापुढचा बर्फही तो जाता जाता ढकलून द्यायचा, कोणी न सांगता. एखादीनं केक पाठवला तर ट्रकमध्ये बसून खायचा आणि ताटली स्वच्छ धुऊन परत करायचा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. असा माणूस आयुष्यात एकदाच धड खोटं बोलला, आणि तेही कुणावर ढकललं? एका मुक्या लोखंडावर.

त्याच्याकडे स्वतःची रायफल नव्हती. बापाची होती ती थोरल्या भावानं नेली. मग दर वर्षी हरणांचा हंगाम उघडायच्या आदल्या रविवारी डेल्मर मेहुण्याच्या, म्हणजे ओरेनच्या दारात उभा राहायचा आणि ओरेन आपली जुनी, दुसऱ्या नंबरची रायफल त्याच्या हातात ठेवायचा. "घे बाबा, पण पुसून आण," असं दर वर्षी म्हणायचा. ओरेन मनानं वाईट नव्हता, पण देताना चार माणसांना दिसेल असं द्यायची त्याला खोड होती. डेल्मरची बायको लरू ही ओरेनची सख्खी मोठी बहीण. तिला हे वीस वर्षं खुपत होतं.

डेल्मर पन्नास वर्षांचा झाला तेव्हा लरूनं फर्मनच्या बंदुकांच्या दुकानातून त्याच्यासाठी रायफल आणली. शाळेच्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे कुस्करणारी बाई ती, तिला बंदुकीतलं काय कळणार? जिची किंमत झेपली ती आणली. दुकानातली सगळ्यात स्वस्त. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, हातात धरला की पोकळ वाजणारा, आणि वर कंपनीनंच बसवून दिलेली दुर्बीण.

"कशी आहे?" लरूनं विचारलं.

"छान आहे," डेल्मर म्हणाला, आणि मनातून ओशाळला. शिकारीच्या कॅम्पवर सगळ्यांच्या रायफलींचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे, आज्यापणज्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. त्यांच्यात हे काळं खेळणं घेऊन जायचं म्हणजे लग्नात रबरी चपला घालून मिरवण्यासारखंच.

हंगामाआधी तो एकटाच दगडाच्या जुन्या खाणीत गेला. शंभर यार्डांवर कागद लावला, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. जाऊन बघतो तर कागदावर एकच भोक. दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या असं वाटून त्यानं कपाळाला हात लावला. मग नीट पाहिलं. तिन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. त्यानं दुसरा कागद लावला, पुन्हा तेच. ओरेनच्या महागड्या रायफलीनं असा नेम त्याच्याच्यानं जन्मात साधला नव्हता. डेल्मर त्या खाणीत एकटाच उभा राहून हसला म्हणे, आणि त्याचं हसणं किती दुर्मीळ ते मी सांगितलंच.

पण घरी येऊन लरूला हे सांगितलं नाही. सांगायचं तर आधी आपल्याला ती रायफल हलकी वाटली होती, हे कबूल करावं लागलं असतं. तिथं त्याची जीभ अडखळली. इथंच पहिली चूक झाली, असं माझं मत.

आता कॅम्पची रीत सांगतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हंगाम उघडतो. ओरेनच्या लाकडी खोपटात सात-आठ जण मुक्कामाला असतात. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची लोंबती कड रात्रीच्या जेवणाआधी कात्रीनं कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला खिळ्यानं ठोकायची. भिंतीवर चाळीसेक तुकडे आहेत. एकट्या ओरेनचे तीन. कापताना हशा होतो, मग सगळे जेवायला बसतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण डेल्मरचा तिथं एकही तुकडा नव्हता. चोवीस वर्षांत त्यानं चार हरणं मारली होती आणि झाडलेली एकही गोळी वाया घालवली नव्हती. बढाई मारायला त्याच्याजवळ काही नव्हतं, तेवढं एक होतं.

काळा दस्ता बघून कॅम्पवर व्हायचं तेच झालं.

"लरूनं दिली?" ओरेन म्हणाला. "कपडे धुवायच्या पावडरीवर फुकट मिळाली असणार."

"अरे, उन्हात ठेवू नकोस रे, वितळेल," दुसऱ्यानं सुनावलं.

डेल्मरच्या खिशात खाणीतला कागद घडी घालून ठेवलेला होता. तो काढून टेबलावर आपटला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. नाही काढला.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सफरचंदाच्या पडक्या बागेत तो उभा होता. वरच्या उतारावरून बाकीच्यांनी हरणं हुसकावली आणि आठ टोकांच्या शिंगांचा नर थेट त्याच्यासमोर येऊन थांबला. साठ पावलं. आडवा उभा. एवढं मोठं जनावर डेल्मरच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. दुर्बिणीतलं हरीण वरखाली नाचायला लागलं. त्यानं श्वास सोडला नाही, काही केलं नाही, डोळे मिटले आणि चाप ओढला. डोळे उघडले तेव्हा हरीण शेपटी उभारून झाडीत शिरत होतं. बर्फावर रक्ताचा थेंब नाही. तासभर शोधलं, एक केस सापडला नाही.

संध्याकाळी घेवड्याचं कढण चुलीवर रटरटत होतं. ओरेननं कात्री आणली. डेल्मरनं पाठ करायची, हसायचं, एवढंच होतं. पण ती भिंत बघून त्याच्या तोंडून निघून गेलं:

"रायफल डावीकडे मारते."

ओरेनची कात्री हवेतच थांबली.

"फूटभर डावीकडे," डेल्मर म्हणाला. "नेम बरोबर होता माझा."

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ते हेच. आणि अंगण सरळ आहे हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. खिशातला कागद मांडीला टोचत होता. ओरेननं क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग कात्री खाली ठेवली.

"स्वस्तातलं ते असंच," तो म्हणाला. "तुझा दोष नाही. चला, जेवा."

त्यांना पटलं, असं डेल्मरला वाटलं. शर्ट शाबूत राहिला.

घरी आल्यावर लरूनं विचारलं आणि तेच खोटं पुन्हा सांगावं लागलं. खोट्याचं असंच असतं, एकदा बोललं की ते दारोदार बोलावं लागतं. लरूचा चेहरा उतरला.

"मी फर्मनला तीनदा विचारलं होतं रे," ती म्हणाली. "नीट आहे ना, नीट आहे ना म्हणून."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी ओरेनची आणीन."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

बुधवारी डेल्मर ट्रकवर असताना लरू रायफल घेऊन फर्मनच्या दुकानात गेली. डेल्मरला हे तुकड्यातुकड्यांनी नंतर कळलं, मी सलग सांगतो. दुकानात गर्दी होती. लरूनं रायफल काउंटरवर ठेवली आणि जे सुरू केलं ते चर्चमध्ये तोंड न उघडणाऱ्या त्या बाईकडून कोणी ऐकलं नव्हतं. "माझ्या नवऱ्याचं तू हसं केलंस," ती म्हणाली. "चोवीस वर्षांत त्याची एक गोळी वाया गेली नाही, आणि तू त्याला ही काठी विकलीस. बाई माणूस बघून गळ्यात मारलीस." फर्मन सत्तरीचा, शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गिऱ्हाइकांना बाहेर काढून दाराला कुलूप लावलं आणि तिला मागच्या निशाणेबाजीच्या मैदानावर नेलं.

दुर्बिणीच्या एकाही स्क्रूला हात न लावता त्यानं तीन गोळ्या झाडल्या. दोघं चालत कागदापाशी गेले. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली असती.

लरूनं भोकांवरून बोट फिरवलं.

"तू काही फिरवलंस का दुर्बिणीत?"

"तुझ्यासमोरच मारली की. आणलीस तशीच आहे."

"मी मारून बघू?"

लहानपणी डबे उडवण्यापलीकडे तिनं बंदूक धरली नव्हती. तिची गोळी फर्मनच्या गोळ्यांपासून दोन बोटांवर लागली. मग तिनं रायफल तिच्या खोळीत घातली, घरी आणून कपाटात होती तिथं ठेवली, आणि संध्याकाळी डेल्मरला गरम जेवण वाढलं. रायफलीचं नाव काढलं नाही.

शनिवारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये वर्गणीचं जेवण होतं. डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, सफरचंदाची गोड पाई, सगळा गाव. दुकानातलं भांडण एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि डेल्मरला ते जेवणाच्या रांगेतच कोणीतरी कानात सांगितलं. तेवढ्यात लरू ताट खाली ठेवून उठली आणि फर्मनच्या टेबलाशी गेली. शेजारीच ओरेन आणि कॅम्पवरचे बाकीचे बसले होते.

"फर्मन, माफ कर मला," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "चूक माझी. वाढदिवसाला बांधून ठेवताना रायफल माझ्या हातून गॅरेजच्या फरशीवर पडली होती. दुर्बीण तेव्हाच हलली असणार. मी कोणाला सांगितलं नाही. तुझी रायफल वाईट नाही आणि डेल्मरचा नेमही वाईट नाही."

दुर्बीण हलली नव्हती. हे त्या हॉलमध्ये फर्मनला माहीत होतं, लरूला माहीत होतं आणि डेल्मरला माहीत होतं. फर्मननं चष्म्यावरून डेल्मरकडे एकदा बघितलं.

"होतं असं, लरू," तो म्हणाला. "बस, पाई खा."

"घ्या," ओरेन मोठ्यानं म्हणाला. "बाईच्या हातात बटाटे द्यावेत, बंदूक नाही." टेबल हसलं. आणि डेल्मर, आमचा डेल्मर, जो एरवी हसत नाही, तोही हसला. हसू बाहेर पडलं तेव्हाच त्याला कळलं की आपण काय केलं. लरू परत जागेवर येऊन बसली आणि त्याच्या ताटात ब्रेड ठेवला.

पुढचा आठवडा त्यानं कसा काढला त्यालाच ठाऊक. लाज अशी की आरशासमोर दाढी करताना मान वर होईना. लरूनं डबा भरून द्यावा आणि त्यानं ट्रकमध्ये तो उघडून नुसतं बघत बसावं. तिनं भांडावं, टाकून बोलावं, असं त्याला मनापासून वाटायचं. ती मात्र रोज विचारायची, "कॉफी घेतोस आणखी?"

शनिवारी सकाळी तो ओरेनकडे गेला. ओरेन गॅरेजमध्ये हरणाच्या मांसाचे सॉसेज भरत होता, हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"रायफल सरळ मारते," डेल्मर दारातूनच म्हणाला. "मी चुकलो. डोळे मिटून चाप ओढला. लरूच्या हातून काही पडलं बिडलं नाही."

ओरेननं यंत्र थांबवलं नाही.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"अरे, मी वरच्या उतारावर उभा होतो लेका. दुर्बिणीतून तुलाच बघत होतो. तुझी नळी नुसती थरथरत होती. कॅम्पवर सगळ्यांना त्याच दिवशी सांगितलं मी."

डेल्मर दारातून आत आला.

"मग शर्ट का नाही कापलास?"

"तुझं तोंड बघितलं असतंस तर विचारलं नसतंस. हसणाऱ्याचा शर्ट कापतात. तू रडायच्या बेताला आला होतास. म्हटलं, जाऊ दे, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि हॉलमध्ये? बहिणीला हसलास तू."

ओरेनचे हात आता थांबले. तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू उठून बोलशील. मी तुला बोलतं करायला म्हणालो ते. पण तू हसलास." फडक्याला हात पुसत तो म्हणाला, "कॅम्पवर तुझं कोणाला खरं वाटलं नव्हतं, डेल्मर. दुकानातल्यांनाही नाही. फर्मनलासुद्धा पहिल्या शब्दापासून कळलं होतं. साऱ्या खोऱ्यात तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी एकच होती. म्हणून तर ती भांडायला गेली."

घरापर्यंत चार मैल. डेल्मर म्हणतो, ते चार मैल त्याला आठवत नाहीत. लरू अंगणात सरपण उचलत होती. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि सगळं सांगितलं. खाण, कागद, मिटलेले डोळे, हॉलमधलं हसणं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, "तू दिलेली वस्तू चांगली होती. मला शरम वाटत होती ती लोकांसमोर काढायची. आता माझीच वाटते."

लरूनं ऐकलं. सरपण खाली ठेवलं नाही.

"ओरेनला सांगितलंस?"

"हो."

"फर्मनला?"

"नाही अजून."

"मग गाडी कशाला बंद केलीस?" ती म्हणाली.

शनिवारी सकाळी फर्मनच्या दुकानात निदान दहा-बारा माणसं असतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. डेल्मर पुन्हा गाडीत बसला. लरूनं सरपण दाराशी टाकलं, हात झटकले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मी बाहेर थांबते," ती म्हणाली. "बोलायचं तुलाच आहे."