एक पातेलं आणि चार खाटा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

पिंप्राळ्याला आम्ही दोघी जावा उन्हाळ्यात विकायला वाळवण करायचो. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, माझे, गव्हाच्या कुरडया अक्कांच्या. अक्का म्हणजे थोरली जाऊ, धुळ्याकडची. धान्यासाठी मी भावाकडून पैसे आणले होते. वहिनी तेव्हाच म्हणाली, "येतील परत, नाही तर देवाला वाहिले म्हणायचे!" तो शब्द मला जाळत होता.

मोठं पातेलं एकच, खाटा चार. त्या दिवशी मी पातेल्यात बिबड्यांच्या पिठाचा घाटा शिजवला. तोवर अक्कांनी चारही खाटांवर कुरडया घालायला आपली ओली धोतरं अंथरली. घाटा थापायला मला खाटा हव्यात, भिजल्या गव्हाचा चीक शिजवायला त्यांना पातेलं हवं. थोरल्या जावेला "उचला" कसं म्हणायचं? मी चुलीशी बसून राहिले. त्यांना वाटलं, हिचं आता होईल. ऊन चढलं. घाट्याचा गोळा झाला, चीक आंबून गेला.

"काब्र बोलनी नही तू? तुना तोंडले काय कुलूप शे?" अक्का कडाडल्या आणि आत गेल्या.

मागच्या खोलीत कॉलेजात शिकवणारे सर भाड्याने राहायचे. ते ओट्यावर आले. फरशीवर त्यांनी खडूने गोल काढले: एक पातेल्याचा, एक खाटांचा, दोन आमच्या दोघींचे, पुढे आणखी काही रिकामे. मध्ये आडव्या रेघा, म्हणजे कामं, आणि गोल-रेघा जोडणारे बाण. गोलांत हरभरे ठेवले. रेघेकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत दाणा असेल तरच काम होतं आणि दाणे पुढच्या गोलांत जातात. माझा दाणा पातेलं घेऊन अडला, अक्कांचा खाटा घेऊन.

"एकाच वेळी चालणाऱ्या यंत्रांसाठी आम्ही अशी जाळी काढतो," सर म्हणाले. "दोघींनी क्रम एकच ठेवा. आधी खाटा, मग पातेलं. खाटा मिळाल्या नाहीत तर पातेल्याला हात लावायचा नाही."

"मग सांगा ना अक्कांना."

"ते तुम्हालाच सांगावं लागेल, ताई."

मी आत गेले. धान्याची पोती कोपऱ्यात होती, आणि वहिनीचा चेहरा समोर. पदर तोंडाला लावून कसंबसं म्हटलं, "अक्का, खाटा मोकळ्या नसल्या तर मी चूल पेटवणार नाही. तुम्हीही पेटवू नका."

"आते हरभरा मांडीसन सयपाक करशी का?" त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी पातेल्याला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "खाटा तुन्या की मन्या?"

"आज तुमच्या," मी म्हटलं, आणि बसून राहिले. बसण्यातही थकवा येतो. बिबड्यांना दिवस कमी मिळाले, हात पोळले, पाठ मोडली. पण पुढे एकही घाणा वाया गेला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी वाळवणाचे पैसे घेऊन मी जामनेरला भावाकडे गेले. वहिनीने नोटा दोनदा मोजल्या. भाऊ म्हणाला, "चहा घेऊन जा." सगळे पैसे फिटले.