भाड्याच्या कुंड्या

मूल्यांकन समिती येऊन गेली, आणि दुसऱ्याच सकाळी विद्यापीठाच्या दारात नर्सरीचा टेम्पो लागला. समितीसाठी व्हरांड्यात मांडलेल्या कुंड्या माणसं उचलून नेत होती. त्या भाड्याच्या होत्या हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आम्ही समितीला ‘आमची बाग’ म्हणूनच दाखवल्या.

आमच्या तत्त्वज्ञान विभागातल्या वैशाली मॅडम शेवटच्या कुंडीला आपल्या बाटलीतलं पाणी घालत होत्या. त्या तासिका तत्त्वावर आहेत. शिकवतील तेवढ्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही. समितीपुढे मात्र त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

“अहो मॅडम, न्यायचंय ते,” टेम्पोवाला म्हणाला.

“माहितीये हो. उन्हातून जाणार ना.”

मी मात्र कायम नोकरीतला. आमच्याकडे निवृत्त माणसाची जागा आता भरतच नाहीत. ज्या विषयाला फी भरणारी मुलं मिळत नाहीत, तो विषय हळूहळू वाळू देतात. जमीन भरपूर आहे, पण तिच्यात काही लावायचं म्हणजे वर्षानुवर्षं पाणी घालणं आलं. त्यापेक्षा कुंडी सोयीची.

टेम्पो गेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “जूनमध्ये येताय ना?”

“बोलावलं तर येईन, सर.”

व्हरांड्यात कुंड्यांच्या बुडांचे ओले गोल उरले होते. मी तास घेऊन परत आलो, तोवर तेही वाळले होते.