अर्धा आठवडा दादा, अर्धा आठवडा मी

वडील गेल्यावर आमच्या वाटण्या झाल्या. जमीन सरळ वाटली गेली, विहीर मात्र सामाईक राहिली, आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून दादाची नि माझी बोलाचाल बंद झाली. दादा माझा सख्खा थोरला भाऊ. ओझरच्या पुढे आमची वस्ती. त्याच्या ओट्यावरचं बोलणं माझ्या ओट्यावर ऐकू यायचं, इतकी घरं जवळ.

वडिलांकडे एके काळी ट्रक होता. आम्ही दोघंही त्याच्यावरच शिकलो, जड वाहनाचं लायसन दोघांकडे होतं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत कळलं, की नाशिकरोडच्या एका ठेकेदाराला अर्धवेळ ड्रायव्हर हवाय. रेल्वेच्या रुळांची दुरुस्ती करणाऱ्या टोळ्यांना त्याचा ट्रक माल पोचवायचा. खडी, पहारी, जॅक, पिण्याच्या पाण्याचे पिंप, मजुरांचा किराणा. मी भेटायला गेलो तर तो म्हणाला, "तुमचे भाऊ सकाळीच येऊन गेले. बरंच झालं. अर्धा आठवडा ते, अर्धा आठवडा तुम्ही. दोघांची शेतीही होईल."

आमचं भांडण त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तेव्हापासून एकच स्टिअरिंग आम्ही दोघं धरत होतो, पण समोरासमोर येत नव्हतो. किल्ली ठेकेदाराच्या वॉचमनकडे असायची. दादा बुटका, त्यामुळे तो सीटवर गोधडीची घडी टाकून बसायचा. पहिल्यांदा ती मी मागे भिरकावली. पुढे पुढे नीट बाजूला ठेवायला लागलो. दादाचा हात यंत्राला चांगला. क्लच जड झाला, हॉर्न बसला, तर माझी पाळी येईपर्यंत ते दुरुस्त झालेलं असायचं. मग मीही त्याची पाळी यायच्या आत चाकांची हवा बघून ठेवू लागलो. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

टोळी ओढा आणि खेरवाडीच्या दरम्यान लाइनीलगत तंबू टाकून राहायची. माणसं सगळी सुरगाण्याकडची, घरची भाताची कामं उरकून आलेली. त्यांचा मुकादम वयाने वडिलांएवढा होता. एकदा मी पाण्याचे पिंप उतरवत होतो तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, "तुझा भाऊ येऊन गेला परवा. तुझ्या पोरीची शाळा कशी चाललीय, इचारत व्हता."

मी पुढचा पिंप उतरवायला घेतला. पण परतताना खेरवाडीचं रेल्वे फाटक बंद होतं, ट्रक थांबवून बसलो होतो आणि मला वाटलं, विचारलं तर खरं त्याने. पुढच्या फेरीला मी आपणहून मुकादमाला म्हणालो, "त्याला सांगा, पोरगी पहिली आलीय."

मग ते चालूच राहिलं. दादा विचारतोय, यंदा गहू कसा आहे. दादा विचारतोय, तुझ्या बायकोचा खोकला थांबला का. मी उत्तर द्यायचो, आणि मुकादम मान हलवून ते ठेवून घ्यायचा. घरीही मी थोडा सैल झालो होतो. दादाच्या ओट्यावर कुणी हसलं तर आता आत उठून जात नव्हतो.

एकदा लाइनीवर मोठं काम निघालं. गाड्या थोडा वेळ थांबवून खडी बदलायची होती. ठेकेदाराने दुसरा ट्रक भाड्याने आणला आणि आम्हा दोघांनाही बोलावलं. मी पोचलो तेव्हा दादाचा ट्रक रिकामा होत होता. जागा अरुंद होती, एका बाजूला उतार. मी ट्रक मागे घ्यायला लागलो तसा आरशात दादा दिसला. हात वर करून तो म्हणाला, "येऊ दे. डावीकडं मार. येऊ दे. बस." बोलाचाल बंद झाल्यानंतर दादा माझ्याशी बोलला ते हे पहिलं.

दुपारी मुकादमाने दोघांनाही जेवायला बसवलं. नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. दादाचा गुडघा तेव्हा धरला होता, पाय लांब करून तो बसला. जेवता जेवता म्हणाला, "तू सारखा माझ्या गुडघ्याचं विचारतोस म्हणे."

मी हो म्हणायला हवं होतं. पण मी चकितच झालो आणि म्हणालो, "मी कुठं? तूच पोरीच्या शाळेचं विचारत होतास ना?"

"मी?" दादाने घास खाली ठेवला. "मी नाय विचारलं."

दोघांनीही मुकादमाकडे पाहिलं. तो वरणाचं पातेलं हलवत होता. वर न बघता म्हणाला, "कोणी तरी इचारायला पायजे व्हतं."

उत्तरं आमची खरी होती, प्रश्न कुणाचेच नव्हते. त्यावर हसता आलं असतं. दादाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलंही होतं, तो माझी वाट बघत असावा. मी मात्र ताटात बघत राहिलो, फसवल्यासारखं वाटून. मग त्याने पाण्याचा तांब्या उचलला, हात धुतला आणि ट्रककडे गेला.

त्यानंतर मुकादमाने निरोप आणले नाहीत. मीही मागितले नाहीत. पुढे खडीचं काम मशीनवर होऊ लागलं, टोळी लहान झाली आणि ठेकेदाराने ट्रक विकून टाकला. मुकादम पावसाळ्याआधी गावी गेला तो परत आला नाही. त्याच्या गावाचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. दादाने आपला हिस्सा एका पाहुण्याला विकला आणि सासुरवाडीला, सटाण्याला गेला. तिथे कांद्याच्या व्यापाऱ्याची गाडी चालवायचा.

दोन हजारनंतर मुलीचं लग्न झालं तेव्हा तो आला. केस पांढरे झालेले. अक्षता टाकल्या, आहेर दिला, मांडवाच्या कडेला पाहुण्यासारखा बसला. मी जवळ गेलो.

"बरंय ना?" त्याने विचारलं.

"बरंय. तुझं?"

"चाललंय."

काय काय बोलायचं मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात व्याह्यांनी हाक मारली. परत आलो तर खुर्ची रिकामी होती. बायको म्हणाली, सटाण्याची गाडी चुकेल म्हणून गेले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.