सॅक कुणी उचलायची

सॅकवरून सासऱ्यांशी झटापट करणारा जावई आमच्या जिल्ह्यात तरी मी पहिलाच असेन. तीही धाराशिवच्या लेण्यांजवळ, सकाळी फिरायला आलेल्या लोकांच्या देखत. मोठ्या सॅकचा एक पट्टा माझ्या हातात, एक त्यांच्या. मी म्हणत होतो, "मामा, ही माझी आहे." ते म्हणत होते, "असू द्या. तुमी ती ल्हानगी घ्या." शेवटी मीच हात सोडला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी ओढाओढी करताना दिसणं काही बरं नव्हतं. मामांनी तंबू, स्टोव्ह, भांडी असं सगळं वजन पाठीवर घेतलं आणि चालू लागले. माझ्याकडे राहिल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि कपड्यांची पिशवीवजा सॅक.

बेत मूळचा माझा. दरवर्षी मी सह्याद्रीत कुठं ना कुठं जातो, पण आपल्या दारातला बालाघाट कधी धड पाहिला नव्हता. म्हणून ठरवलं की लेण्यांपासून निघायचं, डोंगराच्या कडेकडेनं येडशीच्या जंगलाच्या बाजूला जायचं, तिथून पठारावरच्या गावांतून वळून तिसऱ्या दिवशी पुन्हा लेण्यांपाशी यायचं. मोबाइलच्या नकाशावर मी त्याची निळी रेघही काढली होती. बरोबर येणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाची तूर काढायला आली आणि दुसऱ्याच्या घरी ऐन वेळी लग्न निघालं. मी बेत रद्द करणार, तेवढ्यात जळकोटहून डोळे तपासायला आमच्याकडे आलेले सासरे म्हणाले, "म्या येतो की."

मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि ते निघाल्या जागी परत आलेलं बघून थांबले.

"परत हितंच यायचं?"

"हो."

"नवस हाय का?"

"नाही."

"डाक्टरनं सांगितलंय?"

"नाही, मामा. असंच."

"बरं," म्हणाले, आणि तयारीला लागले. मुक्काम तंबूत आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. वाटेत सोयरे असताना माळावर झोपणं म्हणजे सोयऱ्यांचा अपमान. पठारावरच्या एका गावात त्यांचे साडू राहतात, तर माझी निळी रेघ वाकवून त्या गावातून न्यावी लागली.

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधता बांधता ती म्हणाली, "अप्पांना वजन उचलू देऊ नका. गुडघा दुखतो त्यांचा. सांगत नाहीत, पण रात्री तेल लावतात." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मनातून मी खूश होतो.

मला माझे वडील आठवत नाहीत. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, आता एक वडीलधारं माणूस मिळालं. मिळाला तो पाहुणचार. सासुरवाडीला मी गेलो की पाय धुवायला पाणी येतं, टॉवेल येतो, उन्हातली खुर्ची मी स्वतः सावलीत सरकवली तरी दोन माणसं धावत येतात. एकदा सोयाबीनच्या दिवसांत मी एक पोतं उचलून ट्रॉलीकडे निघालो, तर मामांनी ते भर शिवारात माझ्या खांद्यावरून उतरवलं आणि माझ्यासाठी चहा करायला सांगितला. गडी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा स्वतःचा मुलगा तिथंच घामाघूम होऊन पोती टाकत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं. डोंगरात कोण पाहुणा आणि कोण यजमान, असा माझा हिशेब होता. तीन दिवसांत मी यांच्या उपयोगी पडणार, आणि त्यानंतर तरी हे मला घरचा समजणार.

हिशेब पहिल्या तासातच चुकला. नकाशातली वाट जमिनीवर नव्हतीच. जिथं वाट असायला हवी तिथं घाणेरीची जाळी होती, आणि जिथं काहीच नको होतं तिथं गुरांच्या सात-आठ पायवाटा एकमेकींत मिसळल्या होत्या. मी मोबाइल धरून नाकासमोर चालत एका करडईच्या रानात घुसलो आणि काट्यांनी पोटऱ्या सोलून घेतल्या. मामा बांधावर उभे राहून एका गुराख्याला वाट विचारत होते. मग मोठी सॅक पुढं, मी मागं. वाट मी दाखवायची होती, ओझं मी वाहायचं होतं, आणि दोन्ही त्यांच्याकडे गेलं. मग मी नेमका कशासाठी आलो होतो?

शाळूच्या एका शेतात एक म्हातारी राखणीला बसली होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि मलाच धरलं. "लाज न्हाय व्हय रं? म्हाताऱ्याच्या पाठीवर वझं, आन् तू मोकळा?" मला एवढं बरं वाटलं की विचारू नका. कुणीतरी माझ्या मनातलं बोललं. मी सॅककडे हात केला, तर मामा शांतपणे म्हणाले, "जावई हायत." म्हातारीचा चेहराच पालटला. "मंग बसा की सावलीला," म्हणत तिनं हरभऱ्याचे चार डहाळे उपटून माझ्या हातात दिले. मामा सॅकसकट उभे आणि मी बसून सोलाणा खातोय. पुढं दोन्ही दिवस, प्रत्येक गावात हेच झालं. आधी लोक माझ्याकडे रागानं बघायचे, मग ते दोन शब्द, मग चहा. ज्याला त्याला हे बरोबर वाटत होतं. चूक मलाच वाटत होती, आणि हळूहळू मला माझ्याच वाटण्याची खात्री वाटेनाशी झाली.

साडूंच्या घरी मुक्काम पडला तेव्हा जेवणं होताच मी तंबू मोठ्या सॅकमधून काढून माझ्या सॅकमध्ये कोंबला. सकाळी तो पुन्हा मोठ्या सॅकमध्ये होता. मामा ओट्यावर बसून सासूबाईंशी फोनवर कानडीत बोलत होते. मला कळू नये असं काही असलं की ते दोघं कानडी बोलतात. मला फक्त 'सॅक' कळलं आणि त्यांचं हसणं कळलं. एक हात गुडघ्यावर होता. मी विचारलं, "मामा, गुडघा?" तर म्हणाले, "कुणाचा?"

तिसऱ्या दिवशी परतीची वाट एका ओढ्यात उतरून पुन्हा पठारावर चढते. चढ फार नव्हता, पण मुरमाड होता, पाय घसरत होते. नेहमीप्रमाणे मामा पुढं. अर्ध्या चढावर एक पळस आहे, तिथं ते थांबले. सॅक उतरवली, खोडाला टेकवली, पाणी प्यायले. मला वाटलं, बसतील. ते बसले नाहीत. सॅककडे न बघता तसेच मोकळ्या पाठीनं चढू लागले.

मला वाटलं विसरले. मी हाक मारली, "मामा, सॅक."

त्यांनी वळून बघितलं नाही. "घ्या की तुमी," म्हणाले.

मी ती पाठीवर घेतली. इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते झालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. मी मागून चालत त्यांच्याकडे बघत होतो. सदऱ्यावर पट्ट्यांच्या जागी घामाचे दोन ओले पट्टे, आणि सॅक नसताना ती पाठ केवढी लहान. ते एक पाय टाकायचे आणि दुसरा त्याच्याजवळ आणायचे. मला भीती वाटली. हा माणूस थकलाय, आणि थकलाय हे मला दाखवायला तयार झालाय, या दोन्हींतल्या कशाचं वाईट वाटतंय ते मला कळेना. सॅक परत मागा, असं मनात म्हणत मी चढलो. त्यांनी मागितली नाही.

गावाच्या कडेला रस्त्यावर एक चहाचं हॉटेल आहे. आम्ही बाकड्यावर बसलो. हॉटेलवाल्यानं चहा ठेवला, माझ्या सॅककडे बघितलं आणि मामांना विचारलं, "हे कोण म्हणायचे, बाबा?"

मी सवयीनं त्या दोन शब्दांची वाट बघत होतो.

"माझं पोरगं हाय," मामा म्हणाले, आणि बशीत चहा ओतू लागले.

मी त्यांच्याकडे बघितलं, ते बशीकडे बघत होते. जावयाच्या पाठीवर ओझं दिलं, हे त्यांना चारचौघांत कसं सांगता आलं असतं? लाज झाकायला म्हणाले असतील. किंवा नसतील. मी अजूनही विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

मी चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला. आजवर त्यांनी मला त्यांच्यासमोर कधी पैसे देऊ दिले नव्हते. त्यांनी अडवलं नाही. उठताना बाकड्याला हात टेकवून त्यांनी एकदा प्रयत्न केला, मग माझा खांदा धरला आणि उठले. रस्ता ओलांडून झाला तरी हात तिथंच होता. मी पावलं लहान केली आणि त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मोबाइलमध्ये नकाशा बघत असल्यासारखं करत राहिलो.